धसक्याची वेल

बाजारात केळी विकून विकून फिदेलिया कुकुलला माणसांची एक खूण पक्की सापडली होती. जे गिऱ्हाईक घड उचलून नाक मुरडतं, केळी बोटभर आहेत म्हणतं, कोकोच्या बियांना धूर लागलाय म्हणतं, ते माल घेऊनच जातं. जे लांबूनच हसून ‘छान आहेत हो’ म्हणतं, त्याचे पाय आधीच पुढच्या पाटीकडे वळलेले असतात. ही खूण ती सगळ्यांना लावायची. मतं मागायला येणाऱ्या पुढाऱ्याला लावायची, पाद्र्याला लावायची, आणि जावयाला तर पहिल्याच जेवणाला लावून पाहिली होती. मार्कोसनं त्या दिवशी रश्शाची तारीफ केली, मक्याच्या टॉर्टियांची केली, पाण्याचीसुद्धा केली. रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "पोरगा चांगलाय, पण हा टिकायचा नाही."

हिलारिओ म्हणाला, "तुला स्तुती खपत नाही, एवढाच त्याचा गुन्हा."

"तुम्ही कधी केलीत म्हणून सवय असणार?"

या हिशेबानं त्यांची एकुलती एक मुलगी डेल्फिना म्हणजे बावनकशी सोनं होती. लहानपणापासून तिला काही म्हणता काही पटायचं नाही. हातगिरणी जड, कोंबड्या बावळट, आईचा आवाज मोठा, बापाच्या धुपानं डोळे चुरचुरतात. सांता रोसेन्दा गावात म्हणायचे, हिलारिओच्या पोरीची जीभ म्हणजे कोयता. फिदेलिया चारचौघांत कपाळाला हात लावायची आणि मनात म्हणायची, ही राहील. कुठंही टाका, ही राहील.

ती राहिली नाही. निदान सगळीच्या सगळी राहिली नाही.

कोरड्या दिवसांत ती बाळंतपणाला किनाऱ्यावरच्या शहरातल्या इस्पितळात गेली आणि मूल जन्मलं ते न रडता. दोष कुणाचाच नव्हता. नर्सबायासुद्धा तिच्याबरोबर रडल्या. मार्कोस गाडी ठरवायला बाहेर गेला. डेल्फिना वॉर्डाबाहेरच्या निळ्या बाकावर, रिकामी शाल मांडीवर घेऊन बसून राहिली. शेजारी फिदेलिया. तेवढ्यात समोरच्या दारातून दुसऱ्या कुणा बाईचं मूल बाहेर आणलं, चांगलं लालबुंद, तारस्वरात रडणारं. त्या आवाजासरशी डेल्फिना अशी दचकली, की मांडीवरची शाल खाली पडली. फिदेलियानं शाल उचलली. बाकी जे पडलं ते तिला उचलता आलं नाही.

याला त्यांच्याकडे धसका म्हणतात. माणूस घाबरतो, हबकतो, आणि त्याचा जीव थोडासा त्या जागी सांडून राहतो. माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो, पण सांडलेलं तिथंच असतं. हिलारिओ गेली तीस-पस्तीस वर्षं चार गावांचे असे धसके काढत आला होता. त्याला औषध होतं: मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर चढणारी, लाल-पिवळ्या फुलांची एक वेल. तिचा काढा प्यायचा. आणि ज्याला धसका बसला त्याचं नाव घेऊन, जिथं बसला तिथं जाऊन, त्याला हाक मारायची. वेल म्हणजे घराचं दार उघडं ठेवणं, हिलारिओ सांगायचा, आणि हाक म्हणजे माणसाला बोलावून आणणं. दार उघडं ठेवून कुणी आपणहून येतं का?

पण घरात मयत झाली की सुतक फिटेपर्यंत वेलीला कोयता लावायचा नाही, हा त्याचा नेम. नातवाचं सुतक फिटेपर्यंत तो थांबला. तोवर डेल्फिना घरात अशी वावरू लागली, जशी पाहुणी. टॉर्टिया करपली तरी छान. उशी दगडासारखी झाली तरी छान. मार्कोस उत्तरेकडच्या केळीच्या मळ्यांवर कामाला जातो म्हणाला, तेव्हाही ती म्हणाली, छान. तो गेला, आणि मग त्याचे निरोप येईनासे झाले. फिदेलियाचं म्हणणं खरं ठरलं. तिला त्याचा काही आनंद झाला नाही.

सुतक फिटलं त्याच सुमारास डॉक्टर अराना आली.

ही बाई नवीन नव्हती. किनाऱ्यावरच्या दांग्रिगा गावची, उंच, ठसठशीत, हसली की सगळं अंग हसायचं. वैदूंनी मिळून डोंगराच्या पायथ्याशी औषधांची बाग लावली होती, तिला कुंपण, पाण्याची टाकी आणि पत्र्याची पाटी तिच्याच खटपटीनं मिळाली होती. तिनं पूर्वीच वेल नेऊन राजधानीतल्या प्रयोगशाळेत उंदरांना पाजली होती. उंच फळीवर ठेवलेला उंदीर एरवी कोपऱ्यात अंग चोरून बसतो. वेल प्यायलेले उंदीर म्हणे फळीच्या उघड्या टोकापर्यंत फिरून आले. ही बातमी सांगताना डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकत होते. फिदेलियानं विचारलं, की उंदीर एवढे निर्धास्त झाले तर आता मांजरांचं कसं व्हायचं. सगळ्यात मोठ्यानं डॉक्टरीणबाईच हसली.

आता माणसांची पाळी होती. चार गावांतल्या, मनानं खचलेल्या बायका घ्यायच्या. काहींच्या बाटलीत वेलीचा काढा, काहींच्या बाटलीत नुसतं त्याच रंगाचं, त्याच कडू चवीचं पाणी. कुणाला काय मिळालं ते बाईला कळायचं नाही, बाटली देणाऱ्या नर्सला कळायचं नाही, खुद्द डॉक्टरलाही शेवटपर्यंत कळायचं नाही. बाटल्यांवर नाव नाही, फक्त आकडा. दर आठवड्याला नर्सनं विचारायचं, झोप किती, भूक किती, रडू किती. वेलवाल्या बायका जास्त सुधारल्या, तर वेल पास. मग इस्पितळात ती औषध म्हणून ठेवता येईल. बाळंतिणींच्या वॉर्डातसुद्धा, डॉक्टरीणबाई म्हणाली आणि तिनं डेल्फिनाकडे पाहिलं नाही, हे फिदेलियाच्या नजरेतून सुटलं नाही.

डेल्फिनाला यात घालायचं की नाही यावरून घरात दोन रात्री धुसफूस झाली. फिदेलियाचं म्हणणं सरळ होतं: वेल आपल्या दारात आहे, उकळा आणि पाजा, आकड्यांचं सोंग कशाला? हिलारिओ म्हणाला, आपली पोरगी घरात ठेवून लोकांच्या पोरींना बाटल्या कशा वाटू? उद्या विचारतील, याला स्वतःच्या वेलीचा भरवसा नाही काय. शिवाय इस्पितळात वेल ठेवली गेली तर त्या निळ्या बाकावर पुढे कितीजणी बसतील, त्यांना मिळेल. शेवटी फिदेलियानं मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "घाला की. छान."

तिथंच खरं तर फिदेलियानं थांबवायला हवं होतं.

दोन्ही भांडी उकळायचं काम हिलारिओकडे आलं. मोठ्या भांड्यात वेल. दुसऱ्यात डॉक्टरीणबाईनं ठरवून दिलेलं पाणी: जाळलेला मका आणि कडू संत्र्याची पानं. रंग हुबेहूब. अट एकच, आणि ती तिनं त्याला समोर बसवून तीनदा समजावली होती: बाबा, दुसऱ्या भांड्यात याखेरीज काहीही घालायचं नाही. एक पानसुद्धा नाही. हिलारिओनं शब्द दिला. त्यानं तो पाळलाही.

पण पहिल्या दिवशी तो त्या दुसऱ्या भांड्यासमोर बराच वेळ पळी घेऊन बसून राहिला. फिदेलिया मका घेऊन बाहेर आली तर हा तसाच.

"उतू जाईल," ती म्हणाली.

"रिकामं आहे गं हे."

"मग ठरलंय ना तसंच."

"ठरलंय. पण आजारी बाईच्या हातात रिकामं भांडं द्यायचं, आणि वर तिला औषध म्हणून सांगायचं." त्यानं पळी खाली ठेवली. "माझ्या बापानं असं कधी केलं नाही."

मग त्यानं कोपालचा धूप पेटवला आणि एरवी मोठ्या भांड्यासमोर उभा राहायचा तसा धाकट्यासमोरही उभा राहिला. डोंगरदऱ्यांच्या धन्याची परवानगी मागितली. आणि आकड्यांवर कुणाचा जीव परत येत नसतो म्हणून चारी गावांतल्या सगळ्या बायकांची नावं एकेक करून घेतली. ये बाई, ही तुझी चूल, हे तुझं अंगण, भिऊ नकोस, ये. दोन्ही भांड्यांवर, सगळी नावं, कारण कुणाचं पाणी कुठल्या भांड्यातलं ते त्याला माहीत नव्हतं. पहिलं नाव डेल्फिनाचं. फिदेलिया मका निवडत ऐकत होती. मधेच म्हणाली, "वरच्या आळीची थोरली राहिली." त्यानं तेही घेतलं. काही घालायचं नाही एवढंच ठरलं होतं. काही बोलायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते विचारावं असं त्या दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. पावसापूर्वी छप्पर शाकारावं तसं ते काम होतं. सांगायचं काय त्यात?

बाटल्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे डेल्फिना आकडा घातलेली आपली बाटली निमूट प्यायची आणि नर्सला सगळ्या प्रश्नांची गोड उत्तरं द्यायची. नर्स खूश होती. फिदेलिया अजिबात नव्हती.

मग एका संध्याकाळी कोंबडीचा रस्सा होता. फिदेलिया बाजारातून दमून आलेली, मीठ घालायचं राहून गेलं. हिलारिओ बिचारा मुकाट जेवत होता. डेल्फिनानं एक घोट घेतला, वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "मीठ कुठं गेलं? केळ्यांबरोबर तेही विकून आलीस का?"

फिदेलियानं मिठाचा डबा पुढे सरकवला, कोंबड्या कोंडल्यात का बघून येते म्हणाली, आणि खुराड्यामागे जाऊन तोंडात पदरासारखा शालीचा बोळा धरून पोटभर रडली. कोंबड्या केव्हाच कोंडलेल्या होत्या.

तिथून पोरगी भराभर माणसात आली. हातगिरणीचा दांडा सैल झालाय, बापानं तो कधी नीट केला का? आईनं बाजारात केळी स्वस्त दिली, तिला कुणीही गंडवतं. नर्सचे प्रश्न म्हणजे डोक्याला ताप. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा रडावंसं वाटलं’ म्हणे, रडावंसं वाटल्यावर कुणी आकडेमोड करत बसतं का? एक दिवस तर तिनं मार्कोसला भर अंगणात शिव्या घातल्या, तो तिथं नसताना. फिदेलियाला असं वाटलं, की देवळात घंटा वाजतेय. शेजारीण म्हणाली, तुझी पोरगी पुन्हा सुरू झाली वाटतं. फिदेलिया म्हणाली, "हो ना, काय मेली कटकट," आणि शेजारणीला फुकट चार केळी दिली. असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता बाटल्या संपल्या आणि निकाल सांगायला डॉक्टर अराना आली. शाळेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं होतं. ती आल्या आल्या म्हणाली, की बाग छान ठेवलीय, आणि कॉफीही छान आहे, आणि तेवढ्यावरूनच फिदेलियानं निकाल ओळखला.

डॉक्टरीणबाईनं घुमवून-फिरवून सांगितलं नाही. बायका सुधारल्या होत्या, पुष्कळच सुधारल्या होत्या. पण वेल प्यायलेल्या आणि रिकामं पाणी प्यायलेल्या, दोन्ही सारख्याच. तेव्हा वेलीनं गुण आला असं म्हणता येत नाही. मग कायद्यानं सांगावंच लागतं म्हणून तिनं प्रत्येकीला तिच्या बाटलीत काय होतं ते हलक्या आवाजात सांगितलं. डेल्फिनाची पाळी आली. जळका मका आणि संत्र्याची पानं.

डेल्फिना हसली नाही, रडली नाही. तिनं फक्त आपल्या हाताच्या तळव्याकडे पाहिलं, जणू बाटली अजून तिथं असावी.

आणि त्याच वेळी मागून हिलारिओ उठला. त्याचा चेहरा फुललेला होता. "म्हणजे दोन्ही लागू पडलं की," तो म्हणाला. "पडायचंच. मी दोन्हींवर हाक घातली होती."

खोलीत काही बायकांनी माना डोलावल्या. त्यांना ते रीतसरच वाटलं. डॉक्टरीणबाई एकदम खुर्चीत बसली. तिनं हळूहळू एकेक गोष्ट विचारून घेतली: कधी, किती वेळा, कुणाची नावं. हिलारिओ अभिमानानं सांगत होता, आणि निम्म्यात कुठंतरी त्याला तिचा चेहरा दिसला. तो थांबला.

"मी काही घातलं नाही त्यात," तो म्हणाला. "शब्द दिला होता."

"माहीत आहे, बाबा. चूक माझी आहे. मी भांड्यांचं सांगितलं, तुमचं विचारलंच नाही." ती म्हणाली, की आता वेल पास झाली असंही लिहिता येणार नाही आणि नापास झाली असंही. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं तर पैसे देणारे आता देणार नाहीत. आणि पुन्हा केलं तरी हिलारिओनं भांड्यासमोर गप्प बसायचं. ते जमेल का?

हिलारिओनं बराच विचार केला. "नाही जमायचं," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईनं मान हलवली. जाताना ती फिदेलियाच्या गळ्यात पडली. बागेला कुंपण होतं ते राहिलं, पाटी होती ती राहिली. ती पुन्हा आली नाही.

पण फिदेलियाचं लक्ष बागेत नव्हतं. शाळेतून घरी येताना डेल्फिना बापाच्या मागून चालत होती. ओढ्याशी ती म्हणाली, "म्हणजे मी मक्याचं पाणी पीत होते."

"पाणी नव्हे गं," हिलारिओ म्हणाला. "त्यावर तुझं नाव घेतलं होतं. सगळ्यांत पहिलं तुझं."

"नाव तर तुम्ही रोज घेता, बाबा. भाकरतुकडा आण म्हणून पण घेता." ती ओढा ओलांडून पुढे झाली. "मला वाटलं होतं, मला कशानं तरी बरं वाटतंय. कशानंच नव्हतं वाटत."

हे तिचं शेवटचं तिखट बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी उकळून कडू झाली होती. डेल्फिनानं कप रिकामा केला आणि म्हणाली, छान झालीय.

मग हिलारिओनं खरी वेल काढली. डोंगराच्या कुशीतली, जुनी, मनगटाएवढी जाड. नेम पाळले, उपास केले, धूप घातला, आणि सकाळ-संध्याकाळ लेकीला स्वतःच्या हातानं पाजली. ती प्यायची, कप परत द्यायची, आणि बरं वाटतंय म्हणायची. हिलारिओला आधी ते खरंच वाटलं. त्याच्याकडे बायकोची खूण नव्हती. तो म्हणाला, बघ, बोलते तरी किती गोड आता.

"गोडच बोलते," फिदेलिया म्हणाली. "म्हणून तर."

मग तिनं ते बोलून टाकलं, जे दोघांनाही सुरुवातीपासून माहीत होतं. दार उघडून बसलोय आपण, आणि बोलवायला कुणी गेलंच नाही. हाक भांड्यापाशी मारून भागत नाही. जिथं सांडलं तिथं जायला पाहिजे.

हिलारिओनं मान खाली घातली. नदीत धसका बसला तर तो नदीवर गेला असता, रस्त्यावर बसला तर रस्त्यावर. पण तिथं फरशी होती, नळीचे दिवे होते. परवानगी मागायची ती कुणाकडे? तिथं ना डोंगर ना दरी. धनी नसलेल्या जागेतून जीव सोडवून आणायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "मला जमायचं नाही गं तिथं," तो म्हणाला. त्या घरात आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःहून हार कबूल केली, आणि फिदेलियाला त्याला टोमणा मारता आला नाही.

"धनी नसलेली जागा नसते," ती म्हणाली. "वॉचमन तरी असतोच."

बाजाराच्या दिवशी तिनं पाटीत केळ्यांच्या खाली डेल्फिनाचं निळ्या भरतकामाचं ब्लाउज ठेवलं. हिलारिओनं तिला रीत समजावून दिली. ब्लाउज त्या जागी पसरायचं, नाव घेऊन हाक मारायची, ब्लाउज गुंडाळून छातीशी धरायचं आणि घरी यायचं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. मागं वळून बघायचं नाही. बोललीस तर ते दुसऱ्याच्या मागं जाईल. "तुला जमेल ना?" त्यानं विचारलं. "न बोलणं?"

तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सराव सुरू केला होता.

इस्पितळाच्या फाटकाशी एक तरुण वॉचमन खुर्ची मागे रेलून बसला होता. फिदेलिया त्याच्यासमोर उभी राहिली आणि डोंगराच्या धन्याला म्हणायचे ते सगळे मानाचे शब्द तिनं त्याला म्हटले. तुमच्या जागेत माझ्या लेकीचं काही राहिलंय, ते न्यायला आलेय, रागावू नका, ही आमची भेट. आणि भाजलेल्या कोकोच्या बियांची पुडी त्याच्या हातात ठेवली. तो गोंधळला. त्यानं विचारलं, हरवलेलं सामान का? ती हो म्हणाली. तो म्हणाला, आत नर्सला विचारा, मावशी. मग तिच्या तोंडाकडे पाहून तो उठून उभा राहिला आणि फाटक स्वतः उघडलं.

निळा बाक तिथंच होता. त्यावर एक पोटुशी बाई बसून बिस्किटं खात होती. तिला फिदेलियानं जरा सरकायला सांगितलं. ब्लाउज पसरलं. धूप पेटवायची सोय नव्हती, म्हणून कोपालचा खडा नुसताच हातात चोळला. आणि तिनं हाक मारली, हळू, जशी लहानपणी डेल्फिनाला शेजारच्या अंगणातून जेवायला बोलवायची. डेल्फिना, चल. चूल पेटलीय. कोंबड्या बावळटच आहेत, गिरणी जडच आहे, मी मोठ्यानंच बोलते. चल, येऊन नावं ठेव. इथं काय करतेस एकटी? चल घरी.

समोरचं दार उघडलं, बंद झालं. पोटुशी बाई बिस्किट हातात धरून बघत राहिली. मग थोडी आणखी सरकली, जणू आणखी कुणाला तरी जागा लागणार होती.

बसमध्ये फिदेलियानं खिडकीची जागा रिकामी ठेवली आणि स्वतः कडेला बसली. बस भरत गेली. तिला ओळखत नाही असा एकही माणूस त्या बसमध्ये नव्हता, आणि तिच्याशी बोलल्याशिवाय राहील असाही नव्हता. कुणी केळ्यांचा भाव विचारला. कुणी म्हणालं, आज तोंडाला कुलूप का. वरच्या आळीच्या थोरलीनं खिडकीशी बसायला पाय पुढे टाकला, फिदेलियाच्या छातीशी गुंडाळलेलं ब्लाउज पाहिलं, आणि पाय मागे घेतला. तिनं मागच्या लोकांना काहीतरी कुजबुजून सांगितलं. मग घाट संपेपर्यंत सगळी बस गप्प होती. फिदेलिया समोर बघत बसली. मान अवघडली तरी तिनं वळवली नाही. एका वळणावर तिला दंडाशी ऊब लागल्यासारखं वाटलं. ऊन असेल. तिनं ते तपासलं नाही.

घरी हिलारिओ उंबऱ्यात धूप घेऊन उभा होता. डेल्फिनाला बोलावलं, ब्लाउज घातलं. ते तिला आता ढगळ होत होतं. हिलारिओनं तिच्याभोवती धूर फिरवला आणि तिचं नाव घेतलं. तिनं डोळे मिटले होते. धूर दाट होता. पूर्वी तिचे डोळे चुरचुरले असते आणि तिनं सगळं घर डोक्यावर घेतलं असतं. ती शांत उभी राहिली.

"कसं वाटतंय?" बापानं विचारलं.

"बरं वाटतंय, बाबा."

हिलारिओनं आशेनं बायकोकडे पाहिलं. ती चुलीकडे वळली.

त्या संध्याकाळी तिनं कोंबडी कापली. रस्सा नीट केला. रानकोथिंबीर घातली, तांबडं वाटण घातलं, मिरची भाजून घातली. मीठ घातलं नाही. मिठाचा डबा फळीवर मागे सरकवून ठेवला आणि तीन वाडगे वाढले.

हिलारिओनं पहिला घोट घेतला आणि त्याचा हात फळीकडे गेला. फिदेलियानं त्याचं मनगट धरलं. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्यानं हात मागे घेतला. दोघं बघत राहिली, शाळेतल्या त्या दिवशी निकाल ऐकायला बसली होती तशी.

डेल्फिनानं टॉर्टिया तोडली, बुडवली, खाल्ली. वाडगा उचलून एक घोट घेतला, मग दुसरा. मांसाचा तुकडा चावून चावून गिळला. तिनं काहीच टाकलं नाही, काहीच मागितलं नाही. वाडगा रिकामा करून खाली ठेवला, टॉर्टियाच्या तुकड्यानं पुसूनसुद्धा घेतला, आणि आईकडे बघून हसली.

"छान झालाय रस्सा, आई."

"घेतेस का अजून?" फिदेलियानं विचारलं.

"घाल ना थोडा."

फिदेलियानं तिला वाढलं. मग स्वतःच्या वाडग्याकडे वळली आणि तो अळणी रस्सा तिनंही, वर मीठ न घेता, शेवटच्या घोटापर्यंत संपवला.